पानांच्या कृती आणि त्यांची शीर्षके : अँडी गोल्ड्सवर्दी यांच्या पर्णशिल्पांविषयी

गळलेल्या पानांपासून चित्र अथवा शोभेची वस्तू घडविणे ही पाश्चात्त्य शाळांतील हातकामाची एक जुनी व निरुपद्रवी रीत होय. ऑक्टोबर महिन्यात मुले मेपल, ओक, बर्च यांची पाने वेचून आणतात, जाड पुस्तकात दाबून वाळवितात, कागदावर डकवितात, पानाच्या पाठीला रंग लावून त्याचा ठसा उमटवितात, किंवा पानावर पातळ कागद ठेवून मेणाचा खडू घासतात, म्हणजे शिरांचे जाळे कागदावर उतरते. अशा कृतींची गणना कलेत करावी की हस्तव्यवसायात, हा वाद फारसा फलदायी नाही. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, या कृतीत पान नेमके काय काम करते? ते फुकट मिळणारा रंगीत कागदाचा तुकडा आहे, की त्याला स्वतःचे म्हणून काही सांगावयाचे आहे? ब्रिटिश शिल्पकार अँडी गोल्ड्सवर्दी यांच्या पर्णशिल्पांकडे या प्रश्नाच्या अनुरोधाने पाहिले असता त्यांचे सामर्थ्य कशात आहे, आणि त्यांच्या असंख्य अनुकरणांत काय हरवते, हे कळू लागते. या प्रश्नाचे उत्तर मात्र छायाचित्रात जितके सापडते त्याहून अधिक छायाचित्राखाली छापलेल्या ओळींत सापडते. आणि म्हणूनच हा विषय केवळ चित्रकलेच्या अभ्यासकाचा राहात नाही.

चार्ल्स सँडर्स पर्स (1839–1914) याने चिन्हांचे जे तीन प्रकार कल्पिले ते भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास परिचित आहेत. साम्यामुळे अर्थ देणारे ते प्रतिमाचिन्ह, प्रत्यक्ष संबंधामुळे अर्थ देणारे ते निदर्शक आणि केवळ रूढीमुळे अर्थ देणारा तो संकेत. पानाच्या ठायी हे तिन्ही प्रकार संभवतात, आणि त्यांतला संकेत तर मराठी वाचकाच्या घरचाच आहे. दसऱ्याला आपट्याचे पान हाती देऊन ‘सोने घ्या’ असे म्हटले जाते, तेव्हा त्या हिरव्या पानात सोन्याशी साम्य असे काही नसते. देणाऱ्याचे शब्द आणि तो दिवस यांनीच ते सोने होते, आणि दुसऱ्या दिवशी तेच पान केरात जाते. घासून उतरविलेला पानाचा ठसा याच्या अगदी उलट टोकाला आहे. तेथे रूढी काही करीत नाही. कागदावरची रेघ एका विशिष्ट पानाच्या विशिष्ट शिरेने उमटविलेली असते. बेंजामिन फ्रँकलिनने या गुणाचा उपयोग करून घेतला होता. 1737 पासून त्याने अमेरिकेतील वसाहतींच्या कागदी चलनावर खऱ्या पानांवरून घेतलेले ठसे छापले, कारण शिरांची ती गुंतागुंत कोरीव काम करणाऱ्याच्या हातून हुबेहूब उतरणे दुष्कर होते. पान तेथे शोभेकरिता आलेले नसून साक्षीकरिता आलेले होते.

शाळेतील पर्णचित्र बहुधा तिसऱ्या जातीचे, म्हणजे साम्याचे असते. लांबट पान माशाचे अंग होते, पाच टोकांचे पान पंजा होते. या जातीतील उत्तम उदाहरण म्हणून अमेरिकन चित्रकर्त्री लोइस एलर्ट (1934–2021) यांच्या ‘लीफ मॅन’ (2005) या बालपुस्तकाचा निर्देश करावा लागेल. एलर्ट यांनी जमविलेल्या पानांच्या रंगीत यांत्रिक प्रती काढल्या, आणि त्या प्रतींतून माणूस, पक्षी, प्राणी उभे केले. भाषेत अर्थहीन ध्वनींच्या जुळणीतून सार्थ शब्द निर्माण होतो, तसाच काहीसा हा व्यापार आहे: एकटे पान हात नव्हे आणि पायही नव्हे; माणसाच्या आकृतीत ज्या जागी ते बसते ती जागा त्याला हात बनविते. परंतु ध्वनी शब्दात विरून जातो, तसे येथे पान आकृतीत विरत नाही. पुस्तकाच्या आवरणाआतील पृष्ठांवर कोणते पान कोणत्या झाडाचे हे नावानिशी दिलेले आहे. त्यामुळे मूल आधी माणूस पाहते आणि मग त्या माणसात मेपल व ओक शोधू लागते. वर्गातील सामान्य पर्णचित्रात हे परतणे घडत नाही. पानाला डोळे काढले, वर चमकी लावली, की ते कोणत्या झाडाचे होते हे विचारण्याचे कारणच उरत नाही. तेथे पुठ्ठ्याचा तुकडाही तेवढेच काम करू शकला असता.

नावाने केवढे काम होते याची एक आख्यायिका जपानी चित्रकलेत आहे. ती होकुसाईसंबंधी असून ईजिमा क्योशिन याने 1893 साली लिहिलेल्या चरित्रातून पुढे पसरली. शोगुनसमोर कसब दाखविण्याचा प्रसंग आला असता होकुसाईने कागदाच्या लांब पट्टीवर निळ्या रंगाचा एक वळणदार फराटा ओढला, मग एका कोंबड्याचे पाय तांबड्या रंगात बुडवून त्याला कागदावरून पळविले, आणि ही लाल पाने वाहून नेणारी तात्सुता नदी होय असे सांगितले. आख्यायिकेची सत्यासत्यता बाजूला ठेवली तरी तिचे चिन्हशास्त्र चोख आहे. कागदावर पान मुळीच नाही. आहे तो कोंबड्याच्या पायाचा ठसा. तो मेपलच्या पानासारखा दिसू शकतो हे खरे, पण नदीचे नाव उच्चारले जाईपर्यंत तो कोंबड्याच्या पायाचा ठसाच राहतो. जपानी वाचकाच्या मनात तात्सुता हे नाव शतकानुशतकांच्या कवितेमुळे लाल पानांशी बांधलेले आहे, म्हणूनच एका शब्दाने एवढे रूपांतर घडते.

गोल्ड्सवर्दी यांच्या कृतींत शब्दाचे काम याच्या उलट दिशेने होते. तेथे पान दुसरे काही होत नाही. शीर्षक त्याला पानपणापासून हलू देत नाही.

गोल्ड्सवर्दी यांचा जन्म 1956 साली चेशरमध्ये झाला. ते वाढले यॉर्कशरमध्ये. वयाच्या तेराव्या वर्षापासून शेतांवर मजुरी केल्यामुळे एकच हालचाल शेकडो वेळा करण्याची जी सवय लागली ती पुढे शिल्पात उपयोगी पडली असे ते सांगत आले आहेत. प्रेस्टन येथे कलाशिक्षण घेत असताना ते कार्यशाळेपेक्षा मोरकम खाडीच्या वाळूवरच अधिक रमले. 1980 नंतरच्या दशकात ते स्कॉटलंडमधील डमफ्रीसशर परगण्यात, पेनपाँट या खेड्यात स्थायिक झाले. पाने, काटे, गवताच्या काड्या, बर्फ, दगड, चिखल हे त्यांचे साहित्य. पानांचे शिल्प करताना गोंद नाही, दोरा नाही. पान पानाला काट्याने टोचावयाचे, गवताच्या काडीने शिवावयाचे, किंवा नुसते पाण्याने दगडाला चिकटवावयाचे. पाणी सुकले की पान सुटते. अशा रीतीने कृतीचे आयुष्य तिच्या जोडणीतच ठरून गेलेले असते. ती कधी काही तास टिकते, कधी काही क्षणच. मागे उरते ते छायाचित्र आणि त्याखालच्या ओळी.

या ओळींचा एक नमुना तपासण्याजोगा आहे. 25 ऑक्टोबर 1987 रोजी वेस्ट ब्रेटन येथील यॉर्कशर शिल्पोद्यानात केलेली रोवनच्या पानांची कृती सर्वांत अधिक पुनर्मुद्रित झालेल्या कृतींपैकी एक आहे. जमिनीत एक काळाभोर गोल खळगा; त्याच्या काठाशी लालभडक पाने, मग नारिंगी, मग पिवळी, मग हिरवट, अशी कडी. शीर्षकात प्रथम पाने खळग्याभोवती मांडल्याचे सांगितले आहे; मग शेवटची थोडी पाने गोळा केली जात होती, काम संपत आले होते, तोच एक कुत्रा खळग्यात धावत शिरला, मग पुन्हा आरंभ झाला, आणि वारा व ऊन असलेल्या दिवशी सावलीत ही कृती केली, असा मजकूर येतो. शेवटी स्थळ आणि दिनांक.

या मजकुराचे व्याकरण लक्षपूर्वक पाहावे. त्यात पाने मांडणाऱ्याचा उल्लेख नाही. मांडणे, करणे, संपविणे, आरंभणे या क्रिया दर्शविणारी इंग्रजी रूपे अशी आहेत की ती भूतकाळी क्रियापदेही असू शकतात व कर्मणी धातुसाधितेही. ‘लेड’ म्हणजे मांडली की मांडलेली, हे इंग्रजी सांगत नाही. संपूर्ण मजकुरात निःसंदिग्ध असे एकच पूर्ण क्रियापद आहे, ‘रॅन’ हे. आणि त्याचा कर्ता कुत्रा आहे. कलावंताला जे कर्तृपद मिळालेले नाही ते शीर्षकाने त्याच्या कामाचा विध्वंस करणाऱ्या प्राण्याला दिले आहे. हे योजून केले असेल किंवा टिपणवहीतील घाईचा तो परिणाम असेल. परंतु वाचकाच्या दृष्टीने पाने, वारा, ऊन आणि कुत्रा यांच्या रांगेत माणूस दिसेनासा होतो, ही गोष्ट व्याकरणाने सिद्ध झालेली आहे.

मराठीत हा मजकूर आणू गेल्यास अनुवादकाची कोंडी होते, आणि ती उद्बोधक आहे. ‘मांडली’ म्हटले तर घटना सांगितली जाते. ‘मांडलेली’ म्हटले तर अवस्था. इंग्रजीने दोन्ही एका रूपात झाकून ठेवले होते, मराठीला निवड करावीच लागते. उलटपक्षी मराठीच्या कर्मणी प्रयोगात इंग्रजीला न साधणारी एक गोष्ट सहज साधते. ‘पाने मांडली’ यात क्रियापदाचे लिंग व वचन पानांच्या आधीन आहे, मांडणाऱ्याच्या नव्हे. आणि ‘कुत्रा शिरला’ यात ते कुत्र्याच्या आधीन आहे. जे इंग्रजीत कर्ता गाळून साधावे लागले ते मराठीच्या वाक्यरचनेत उपजतच आहे. (झाडांच्या नावांचा प्रश्न याहून किचकट. ब्रिटनमधील सिकमोर हा वस्तुतः मेपलच्याच कुळातला. त्याला नाव मिळाले ते बायबलातील एका अंजीरवर्गीय वृक्षाचे, जो आपल्या उंबराचा नातलग. तेव्हा कोशाच्या भरवशावर गोल्ड्सवर्दी यांच्या सिकमोरच्या पानांना उंबराची पाने म्हणणारा अनुवादक सापडल्यास नवल नाही.)

आता छायाचित्र आणि शीर्षक यांचा परस्परसंबंध. छायाचित्र कृतीच्या परमोच्च क्षणी घेतलेले असते. पाने टवटवीत, कडा स्वच्छ, रंगांची चढण अखंड. बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (1955) या ग्रंथात सांगितलेली संवाद, विरोध व समतोल ही लयतत्त्वे लावून पाहावयाची झाल्यास याहून सोयीचे उदाहरण मिळणार नाही. पिवळ्यातून नारिंगीत व नारिंगीतून लालात जाणारा संवाद, लाल आणि काळा यांचा विरोध, आणि वर्तुळाने साधलेला समतोल. परंतु एवढ्यावर विवेचन थांबविले तर रंगविलेल्या लाकडी चकत्यांनी केलेली तशीच कडी आणि ही कडी यांत फरक उरणार नाही. फरक आहे तो पानाच्या रंगामागे असलेल्या काळाचा. थंडी वाढते, दिवस लहान होतात, पानातील हरितद्रव्य मोडत जाते आणि आधीपासूनच तेथे असलेली पिवळी कॅरोटिनॉइडे उघडी पडतात. लाल रंग देणारी अँथोसायनिने मात्र बहुतांशी त्याच दिवसांत, पानात अडकलेल्या शर्करेपासून नव्याने तयार होतात. म्हणजे हिरवट, पिवळे, नारिंगी, लाल ही नुसती रंगश्रेणी नसून एकाच ऋतूच्या निरनिराळ्या टप्प्यांवरील पानांची ती जंत्री आहे. पान येथे पर्सच्या अर्थाने निदर्शक आहे. केवळ संवेदनांच्या संघटनेत सौंदर्य पाहणाऱ्या उपपत्तीला हा भाग कलाबाह्य म्हणून सोडून द्यावा लागतो. आणि पर्णशिल्पापुरते तरी बोलावयाचे तर, तो सोडला की मुख्य गोष्टच सुटते.

छायाचित्र हा काळ गोठविते, शीर्षक तो पुन्हा वाहता करते. छायाचित्र यश दाखविते, शीर्षक अपयश नोंदविते. कुत्रा छायाचित्रात कोठेही नाही. ‘रिव्हर्स अँड टाइड्स’ (2001) या टोमास रिडेल्सहाइमर यांच्या चित्रपटात गोल्ड्सवर्दी रचीत असलेली दगडांची रास त्यांच्या डोळ्यांदेखत पुनःपुन्हा कोसळते. चित्रपटाला जे काही मिनिटांत दाखविता आले ते स्थिर छायाचित्राला शब्दांवाचून सांगणे शक्य नव्हते. म्हणून शीर्षकाला कृतीचा अलंकार किंवा संग्रहालयाची चिठ्ठी मानणे चूक ठरेल. ते कृतीचे अर्धे अंग आहे.

याचा सर्वांत सुंदर प्रत्यय त्याच वर्षी जपानमधील ओउचियामा या गावी केलेल्या कृतीत येतो. तिच्या शीर्षकात एक नव्हे, दोन दिनांक आहेत, 21 व 22 नोव्हेंबर 1987. मेपलची पाने एकमेकांना टाचून पाण्यावर तरंगणारी साखळी केली. दुसऱ्या दिवशी त्या साखळीचे एक विवर झाले, त्याला खालून काटेरी वेलीच्या विणलेल्या कडीचा आधार दिला, असे शीर्षक सांगते. छायाचित्रात दिसते ते विवरच. पहिल्या दिवसाची साखळी केवळ भाषेत शिल्लक आहे. ‘झाले’ या क्रियेवर येथे सगळा भार आहे. साखळी मोडून विवर केले असे म्हटलेले नाही. साखळीच विवर झाली असे म्हटले आहे. आणि हे त्या देशात, जेथे पानाचा लालिमा व मेपलचे झाड या दोहोंना ‘मोमिजी’ हा एकच शब्द चालतो, आणि तो शब्दही पाने रंग पालटतात या अर्थाच्या जुन्या क्रियापदापासून आला आहे. ज्या भाषेत पानाचे नाव क्रियापदातून निघाले तेथे पानांच्या शिल्पाने एका वस्तूऐवजी दोन दिवसांचा व्यवहार व्हावे हे अत्यंत समर्पक आहे, मग शिल्पकाराला ती व्युत्पत्ती माहीत असो वा नसो.

गोल्ड्सवर्दी यांच्या सर्वच पर्णकृती या उंचीच्या नाहीत. रंगांच्या चढउताराचे कसब हाती आल्यावर त्याची पुनरावृत्ती झाली आहे. काही वर्तुळे व नागमोडी पट्टे सुबक आहेत, याहून अधिक काही म्हणता येत नाही. अशा ठिकाणी शीर्षकेही पांगळी होतात. हवामानाची नोंद येते, पण त्या हवामानाने कृतीवर काय केले ते कळत नाही. ज्या कृतीत वारा नुसता वाहात होता आणि ज्या कृतीत वाऱ्याने पाने उडवून दिली, त्या दोहोंत महदंतर आहे. आणि ग्रंथरूप संग्रहांच्या गुळगुळीत पानांवर हे अंतर पुसट होते.

अनुकरणांत मात्र ते नाहीसेच होते. जगभर शाळांतून व उद्यानांतून पानांची जी मंडले मांडली जातात त्यांत गोल्ड्सवर्दी यांचे वर्तुळ आहे, रंगश्रेणी आहे, वरून घेतलेले छायाचित्रही आहे. नाही ती शीर्षकाची ओळ. मुलांना पाने रंगाप्रमाणे लावण्यास सांगतात, पण कोणत्या झाडाखाली मिळाली, पहिला प्रयत्न कशाने मोडला, पाने किती वेळाने वळली, हे लिहावयास सांगत नाहीत. चार ओळींच्या या लेखनाला साधन लागत नाही, खर्च नाही. तरी तेच प्रथम गळते, कारण हातकाम आणि भाषा हे वेळापत्रकातील दोन वेगळे तास आहेत.

मराठी मुलखात हा उपक्रम जसाच्या तसा आणल्यास आणखी एक अडचण उभी राहते, आणि ती निव्वळ शब्दाची नाही. ‘ऑटम’ला आपण ‘शरद’ हा प्रतिशब्द दिला आहे. पण शरदात, आश्विन-कार्तिकात, सह्याद्रीच्या रानात पाने गळत नाहीत. पावसाने धुतलेली ती तेव्हा दाट असतात. पानगळ येते ती शिशिरात, सागाची पाने माघ-फाल्गुनात खाली येतात, आणि ती लाल होऊन नव्हे तर तपकिरी व करकरीत होऊन. लाल रंग येथे आहे, पण तो दुसऱ्या टोकाला. कुसुंबाला मार्चच्या सुमारास जी तांबडीलाल पालवी फुटते ती डोंगरउतारावर दुरून फुलोऱ्यासारखी दिसते. पिंपळाचे कोवळे पानही तांबूस असते. म्हणजे उत्तरेकडील देशांत लाल पान हे सरत्या पानाचे निदर्शक, आणि येथे ते बहुधा उगवत्या पानाचे. रोवनच्या कडीकडे पाहताना मराठी प्रेक्षकाला रंग दिसतो, रूप दिसते, पण निदर्शक उलटे वाचले जाण्याचा संभव राहतो. म्हणूनच त्याला दिनांकाची ओळ इंग्रज प्रेक्षकापेक्षा अधिक लागते. आणि येथील मुलांनी अशी कृती करावयाची झाल्यास ऑक्टोबरात कागदी मेपल कापीत बसण्याऐवजी मार्चमध्ये कुसुंबाखाली जाणे अधिक सयुक्तिक. तेथे जमिनीवर जुने तपकिरी पान व फांदीवर नवे लाल पान अशी दोन्ही एकाच वेळी भेटतात.

अलीकडील काळात, विशेषतः 2004 ते 2014 मधील कृतींच्या ‘एफेमरल वर्क्स’ या संग्रहात, गोल्ड्सवर्दी यांची शीर्षके आखूड झाली आहेत. कुत्रे, ऊन, पुन्हा केलेले आरंभ यांचे वर्णन मागे पडून द्रव्य, कृती, स्थळ, दिनांक एवढेच उरते. 29 ऑक्टोबर 2010 या दिनांकाच्या कृतीत डमफ्रीसशरमधील एका पडलेल्या एल्म वृक्षाच्या तडकलेल्या फांदीवर एल्मचीच पिवळी पाने पाण्याने चिकटविलेली आहेत. लाकूड जेथे फाटले तेथे पिवळ्या रंगाची धगधगीत रेघ. ब्रिटनमधील एल्म, भुंगेऱ्यांमार्फत पसरणाऱ्या एका बुरशीच्या रोगाने, 1960 नंतरच्या दशकांत कोट्यवधींच्या संख्येने मेले. ही वार्ता शीर्षकात नाही. फक्त झाड पडलेले आहे हे एक विशेषण त्यात आहे. इंग्रजीत पान, ऋतू आणि झाड या तिघांच्याही बाबतीत ‘फॉल’ हा एकच शब्द चालू शकतो, आणि त्या विशेषणाला त्यामुळे एक शांत, दुहेरी वजन येते. मराठीत ते येणार नाही. मराठीत पान गळते आणि झाड पडते. गळणे आणि पडणे यांची सरमिसळ मराठी बोलणारा सहसा करीत नाही.

पण हा भेद वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने अचूक आहे. पान वाऱ्याने तुटत नाही. देठाच्या बुडाशी झाड स्वतः पेशींचा एक थर तयार करते आणि त्या थरापाशी पान सुटते. उन्हाळ्यात मोडून मेलेल्या फांदीवर हा थर तयार होत नाही, म्हणून तिची पाने करपून जागच्या जागीच लोंबकळत राहतात. तेव्हा त्या भेगेवर लावलेली जी पाने पिवळी होऊन गळली होती, ती कोणत्यातरी जिवंत एल्मच्या फांदीवरून गळलेली असणार. इंग्रजी शीर्षकाने पानाचे व झाडाचे पडणे एका शब्दाच्या छायेत ठेवले आहे. मराठी अनुवादात पाने गळलेली आणि झाड पडलेले, असे दोन शब्द लिहावे लागतील.